थकलेले इंजिन आणि सीडी प्लेअरची मोटार



आजचा विषय ऐकून तुम्ही म्हणाल, पेरणी, फवारणी, गुराढोरांचे आजार हे सगळे सोडून आज खेळण्यातल्या आगगाडीचे काय काढले! पण जरा थांबा. ज्याला विजेची मोटार उघडून पाहण्याची सवय लागली, त्याला पुढे विहिरीवरच्या मोटारीची भीती वाटत नाही, आणि उगीचचे धाडसही तो करीत नाही. या दोन्ही गोष्टींची आपल्याकडे गरज आहे.

झाले असे. कारंज्याच्या बाजूच्या एका खेड्यातले एक गुरुजी माझ्याकडे पिशवीत काहीतरी गुंडाळून घेऊन आले. त्यांच्या शाळेचा एक माजी विद्यार्थी मुंबईला नोकरीला आहे. त्याने आपल्या मुलाची जुनी विजेची आगगाडी शाळेला भेट दिली होती: एक इंजिन, तीन डबे आणि रुळांचे गोल कडे. महिनाभर गाडी फिरली. मग इंजिन कुरकुरू लागले, वास येऊ लागला, आणि एक दिवस ते जागच्या जागी बसले.

"काहो भाऊ, हे काहून चालत नसंन?" गुरुजींनी विचारले. "पोरं रोज इचारतात. अन् एका पोरानं तर याच्या दोन तारा सोलून थेट बोर्डात खुपसाचा बेत केला होता. म्या वेळेवर पाहिलं म्हणून बरं."

हे शेवटचे वाक्य ऐकून माझ्या पोटात गोळा आला. या खेळण्यातल्या इंजिनाला फार तर १२ व्होल्ट लागतात. भिंतीवरच्या बोर्डात असतात २३०. इंजिन तर जळालेच असते, पण तो मुलगा? म्हणून पुढचे सगळे सांगण्याआधी एक गोष्ट पक्की सांगतो. आजच्या या कामात भिंतीवरच्या विजेचा कुठेही संबंध नाही. सगळे काम टॉर्चच्या सेलवर होते, आणि ते तसेच करायचे.

आता, मोटार बिघडली असे म्हणण्यापूर्वी ती खरोखर बिघडली आहे का, हे पाहावे. पुष्कळदा दोष मोटारीचा नसतोच. चाकांच्या आसाला केस, सुतळीचे धागे, सतरंजीचे कुसळ गुंडाळलेले असते. जमिनीवर गाडी फिरवली की हे व्हायचेच. रूळ काळे पडलेले असतात. ते साध्या खोडरबराने घासले की चकचकीत होतात. चाकांवरचा काळा थर स्पिरिटच्या बोळ्याने निघतो. मग आसांवर शिवणयंत्राचे तेल द्यावे, तेही सुईच्या टोकावर मावेल एवढाच थेंब. आपल्याकडे तेल म्हटले की बैलगाडीच्या आखाला वंगण घातल्यासारखे घालतात. इथे तसे केले तर तेल मोटारीत उतरते, कार्बनच्या भुकटीत मिसळते आणि त्याचा चिखल होतो.

एवढे करूनही इंजिन हलले नाही तर मोटार उघडावी. या इंजिनाची मोटार चपटी आणि गोल होती, थेट चाकांच्या बोगीतच बसवलेली. आत पाहण्यासारखे तीन भाग. बाहेर चुंबक. मध्ये फिरणारे आर्मेचर, म्हणजे लोखंडाच्या तीन बोटांवर गुंडाळलेली तांब्याची बारीक तार. आणि त्याच्या एका टोकाला तांब्याच्या तीन पाकळ्यांची चकती. हिला कम्युटेटर म्हणतात. पाठ्यपुस्तकात तिचे नाव दिक्परिवर्तक असे आहे. या पाकळ्यांवर कार्बनचे दोन तुकडे, म्हणजे ब्रश, स्प्रिंगने दाबलेले असतात. वीज एका ब्रशातून आत जाते, तारेच्या वेटोळ्यांतून फिरते आणि दुसऱ्या ब्रशातून बाहेर पडते. आर्मेचर थोडे फिरले की ब्रशाखाली पुढची पाकळी येते, वेटोळ्यातल्या विजेची दिशा बदलते, आणि चुंबकाची ओढाओढ थांबत नाही. म्हणून मोटार फिरत राहते.

झिजते ते इथेच. ब्रश पेन्सिलीच्या शिशासारखे घासत जातात आणि त्यांची पूड पाकळ्यांमधल्या फटींत भरते. मग वीज तारेतून जाण्याऐवजी त्या पुडीतूनच आडवाटेने निघून जाते. ती पूड दात कोरायच्या लाकडी काडीने काढावी, लोखंडी टाचणीने काढू नये. नंतर मल्टिमीटर घेऊन पहिल्या-दुसऱ्या, दुसऱ्या-तिसऱ्या आणि तिसऱ्या-पहिल्या पाकळीतला विद्युतरोध मोजावा. तिन्ही आकडे जवळजवळ सारखे आले तर तार शाबूत आहे. एखाद्या जोडीचा आकडा निराळाच आला तर समजावे, आत तार तुटली किंवा जळून एकमेकींना चिकटली. गुरुजींच्या इंजिनात ब्रश नखाएवढेही उरले नव्हते, आणि दोन आकडे सारखे येऊन तिसरा त्यांच्या दुप्पट आला. म्हणजे एक वेटोळे तुटलेले. केसासारखी ती तार पुन्हा गुंडाळणारे कारागीर आहेत, नाही असे नाही. पण त्या कामाची मजुरी खेळण्याच्या किमतीपेक्षा जास्त व्हायची. आणि असल्या जुन्या परदेशी गाडीचे सुटे भाग वाशीमच्या बाजारात मिळणार कुठून?

मिळणार भंगारात! तुम्हाला आठवत असेल, काही वर्षांपूर्वी बारसे असो की लग्न, गावात टीव्ही आणि सीडीचे यंत्र भाड्याने आणून रात्रभर सिनेमे चालायचे. पुढे घरोघर ती यंत्रे आली. मग मोबाइल आला आणि ही सगळी यंत्रे माळ्यावर गेली. तिथून ती किलोच्या भावाने भंगारवाल्याकडे जातात. त्यांच्या पोटात दोन-तीन चांगल्या मोटारी असतात. एक तबकडी फिरवते, एक ती वाचणारा डोळा मागेपुढे सरकवते, आणि एक तबकडीचा खण उघडते-मिटते. आपल्याला हवी ती मोटार साधारण २४ मिलिमीटर व्यासाची आणि १२ मिलिमीटर जाडीची, म्हणजे दहा रुपयांच्या नाण्याहून किंचित लहान, चपटी डबी. तिचा आस २ मिलिमीटरचा. आणि काय योगायोग पहा, झिजलेली मोटार काढून टाकल्यावर बोगीत जी गोल पोकळी उरते, तिच्यात ही डबी थोडा आधार देऊन बसते. विलायतेतले आगगाडीचे हौशी लोक ही युक्ती वर्षानुवर्षे करीत आले आहेत. तीच आपणही करू.

पण भंगारातली प्रत्येक मोटार चालत नाही, आणि हे मी स्वतः ठेच खाऊन शिकलो. पहिल्यांदा मी टेपरेकॉर्डरची मोटार घेतली. दिसायला दणकट, पुरेशी ताकदवान. बसवली, गाडी पुढे धावली. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मग उलटी चालवायला म्हणून सेलच्या तारा अदलाबदल केल्या तर ती हलेना, आणि थोड्या वेळाने धूर. कारण असे की टेपच्या मोटारीच्या पोटात वेग कायम राखणारे एक इलेक्ट्रॉनिक मंडळ असते. गाणे रेंगाळू नये म्हणून ती एकाच दिशेने, एकाच वेगाने फिरावी अशीच तिची रचना आहे. आगगाडीला पुढेही जायचे असते, मागेही, हळू आणि जोरातही. तिला ही मोटार काय कामाची?

तसेच, ज्या मोटारीतून तीन, चार किंवा जास्त तारा निघतात ती बाजूला ठेवावी. कॉम्प्युटरच्या सीडी ड्राइव्हमध्ये तबकडी फिरवणारी मोटार आणि हार्डडिस्कची मोटार बिनब्रशांच्या असतात. प्रिंटरमध्ये पुष्कळदा पावलापावलाने फिरणारी स्टेपर मोटार असते. या सगळ्यांना चालवायला वेगळे मंडळ लागते, नुसत्या सेलवर त्या फिरत नाहीत. आपल्याला हवी दोन टोकांची, ब्रशवाली साधी मोटार. ओळखायची खूण सोपी आहे. दोन पेन्सिल सेल लावा, म्हणजे ३ व्होल्ट. फिरली पाहिजे. तारा उलट करा. उलटी फिरली पाहिजे. झाली परीक्षा.

ही यंत्रे उघडताना मात्र गुरुजींनी जवळ असावे. डीव्हीडी प्लेअरच्या ज्या कोपऱ्यात विजेची वायर शिरते तिथे एक जाडसर, बेलनासारखा कपॅसिटर असतो. यंत्र बंद करून वायर काढली तरी त्यात तीनशेच्या घरातले व्होल्ट साठून राहू शकतात. म्हणून वायर काढून यंत्र एक-दोन दिवस तसेच पडू द्यावे, आणि नंतरही त्या पाटीला हात लावू नये. आपले काम दुसऱ्या बाजूला, तबकडीपाशी आहे. उघडे यंत्र चालू करून पाहू नये, त्यातला लेसर डोळ्याला घातक आहे. आणि जुना, मागे फुगीर टीव्ही तर मुलांनी उघडायचाच नाही. ते काम त्या दुकानदाराचे.

मोटार मिळाली, आता बसवायची. जुन्या आर्मेचरच्या आसावर एक छोटे दातेरी चाक असते, पिनियन. ते काढून नव्या आसावर चढवायचे. इथे हातोडी वापरू नका. एक चांगली मोटार मी अशीच घालवली. आसाच्या पुढच्या टोकावर ठोकले की मागची बारीक बेअरिंग फुटते. पिनियन प्लॅस्टिकचे असेल तर पाच मिनिटे गरम पाण्यात टाकावे, थोडे सैल होते. मग मोटारीच्या आसाचे मागचे टोक एखाद्या खिळ्याच्या डोक्यावर टेकवून पुढून अंगठ्याने दाबावे. भोक मोठे आणि आस बारीक असेल तर बॉलपेनच्या रिकाम्या रिफिलचा दाण्याएवढा तुकडा मध्ये घालावा. वेगवेगळ्या रिफिलींचे भोक वेगवेगळे असते, तेव्हा चार-पाच करून पाहाव्या, एखादी अगदी घट्ट बसतेच. रिफिल आधी धुऊन घ्या, नाहीतर शाईने सगळे माखते.

मोटार बोगीत बसवताना दाते दात्यांत फार रुतले तर गाडी अडते, फार लांब राहिले तर दाते घसरतात आणि करकर आवाज येतो. बरोबर अंतर कसे साधायचे? वहीच्या कागदाची एक पट्टी दोन्ही चाकांच्या दात्यांमध्ये घालावी, मोटार तिच्यावर दाबून धरावी आणि त्याच स्थितीत दोन ठिकाणी अराल्डाइट लावावे. रात्रभर वाळू द्यावे. सकाळी कागद ओढून काढला की कागदाच्या जाडीएवढी जागा आपोआप राहते. मोटारीच्या आसापाशी मात्र चिकटद्रव्य जाऊ देऊ नये. झटपट चिकटणाऱ्या द्रवाची वाफसुद्धा आत जाऊन बसते, म्हणून तो इथे नकोच.

आता तारा. जुन्या मोटारीत बहुधा एक ब्रश सरळ इंजिनाच्या धातूच्या सांगाड्याला जोडलेला असतो. एका रुळाची वीज सांगाड्यातून येते, दुसऱ्याची तारेतून. नव्या मोटारीची डबी दोन्ही टोकांपासून अलग असते, म्हणून तिच्या दोन्ही टोकांना दोन तारा झाळाव्या लागतात. एक सांगाड्याकडून, दुसरी समोरच्या चाकांच्या पितळी पट्टीकडून. झाळताना कावियाचे टोक मोजून दोन सेकंद टेकवा. जास्त वेळ टेकवले तर आतले प्लॅस्टिक वितळते आणि ब्रश वाकडे होतात.

एक अडचण राहते. गाडीच्या मूळ नियंत्रकातून १२ व्होल्टपर्यंत वीज येते आणि ही मोटार असते ६ व्होल्टच्या आतबाहेरची. दुप्पट दाबाने ती भुंग्यासारखी गुणगुणते आणि लवकर मरते. इंजिनाला दोन बोग्या असतील तर दोन सारख्या मोटारी घेऊन एकीमागे एक जोडाव्या, म्हणजे प्रत्येकीच्या वाट्याला निम्मी वीज येते. नाहीतर डायोड वापरावे. तेही त्याच भंगारातल्या पाटीवर मिळतात. प्रत्येक डायोड सुमारे ०.७ व्होल्ट खातो. आठ एका ओळीत लावले की साडेपाच व्होल्ट गेले. पण डायोड एकाच दिशेने वीज सोडतो, म्हणून तशीच आठांची दुसरी ओळ उलट तोंडाने तिच्या शेजारी जोडावी लागते. शाळेसाठी मात्र मी म्हणेन, तो नियंत्रकच कपाटात ठेवा. चार सेलचा डबा घ्या, तोही पुरतो. जुनी मोटार चालताना शंभर मिलिअँपियरच्या वर सहज वीज ओढायची; ही मोकळी फिरताना पंचवीस-तीसवर भागवते. वीज गेलेली असली तरी तास चुकत नाही.

आता गुरुजनांसाठी खरी मौजेची गोष्ट. इंजिन दुरुस्त झाले, पण ते होते परदेशी रूपाचे. मुले म्हणाली, "गुरुजी, आपली शकुंतला करू ना!"

शकुंतला म्हणजे मूर्तिजापूरहून कारंज्यावरून यवतमाळला जाणारी नॅरोगेज गाडी, हे इथल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना सांगायला नको. वऱ्हाडचा कापूस वाहून नेण्यासाठी इंग्रजी अमदानीत एका खाजगी कंपनीने टाकलेला हा रस्ता. मँचेस्टरला १९२१ साली बांधलेल्या वाफेच्या इंजिनाने तिला सत्तर वर्षांवर ओढले. १५ एप्रिल १९९४ रोजी त्याच्या जागी डिझेल आले. आता गेली काही वर्षे गाडी धावतच नाही. आजोबांनी तिच्यातून प्रवास केला, बापाने ती पाहिली, नातवाला मात्र फक्त रूळ दाखवता येतात, तेही गवतातून शोधून. मुलांच्या हट्टाचे कारण हे होते, आणि त्याला नाही म्हणणे मला जमले नाही.

मग गणित मांडले. शकुंतलेच्या दोन रुळांमधले अंतर ७६२ मिलिमीटर, म्हणजे अडीच फूट. खेळण्याच्या रुळांमधले अंतर १६.५ मिलिमीटर. भागाकार केला: ४६ आणि थोडे वर. म्हणजे आपण डबे ४६ पटीने लहान केले तर हेच खेळण्याचे रूळ शकुंतलेचे रूळ होतात! साडेपाच फुटांचा माणूस या मापात ३६ मिलिमीटरचा होतो, काडेपेटीतल्या काडीहून थोडा लहान. आणि वाशीम स्टेशनावरून जाणारी गाडी? ती अकोला-पूर्णा लाइन २००८ साली मीटरगेजची ब्रॉडगेज झाली. ब्रॉडगेजचे अंतर १६७६ मिलिमीटर, हेही साडेपाच फूटच. माणूस रुळांमध्ये आडवा झोपला तर बरोबर मावेल. कोणी करून पाहू नये! तिला १६.५ च्या रुळांवर आणायचे तर १०० पटीने लहान करावे लागेल. तेच रूळ, गाड्या दोन, मापे दोन. सहावी-सातवीच्या वर्गाला गुणोत्तर शिकवायला याहून चांगले साधन मला तरी माहीत नाही.

डबे पुठ्ठ्याचे केले, लग्नपत्रिकांच्या. त्यांचा कागद कडक आणि गुळगुळीत असतो. ४६ पटीचे माप घेतल्यामुळे इंजिनाचे घर प्रशस्त झाले आणि मोटारीला वर जागाच जागा. लहान मापात केले असते तर मुलांची बोटे आत शिरली नसती. पुण्याला भाऊसाहेब जोशी यांनी हौसेने उभारलेले लघुरेल्वेचे संग्रहालय आहे, १ एप्रिल १९९८ पासून ते लोकांसाठी खुले आहे. (त्याच वर्षी १ जुलैला आपला वाशीम जिल्हा अकोल्यापासून वेगळा झाला.) तिथले सिग्नल, पूल, गाड्या पाहून डोळे दिपतात. सहल पुण्याला गेली तर मुलांना जरूर दाखवा. पण आमची पुठ्ठ्याची शकुंतला मुलांनी स्वतः कापलेली होती, त्यामुळे ती मोडली तर दुरुस्त कशी करायची हे त्यांना ठाऊक होते.

शेवटी वेगाचा प्रश्न आला. चार सेलांवर गाडी फारच पळू लागली. एक आजोबा पाहायला आले होते, ते म्हणाले, "शकुंतला कधी अशी पळत होती का बाप्पा? उतरून पाणी पिऊन पुन्हा चढाव, अशी ते गाडी!"

पुन्हा गणित. चाकाचा व्यास १२ मिलिमीटर, म्हणून एका फेऱ्यात गाडी ३७.७ मिलिमीटर पुढे जाते. मोटार मिनिटाला सुमारे ३००० फेरे घेते असे धरले आणि दातेरी चाके दहास एक या प्रमाणात असली, तर चाकाचे फेरे ३००. मिनिटात गाडी ११.३ मीटर गेली. त्याला ४६ ने गुणले तर ५२० मीटर, म्हणजे ताशी ३१ किलोमीटर. खरी शकुंतला तर वीस-पंचवीसच्या आसपास रमतगमत जायची. आजोबांचे बरोबर होते! मोटारीचा वेग साधारणपणे व्होल्टच्या प्रमाणात कमी-जास्त होतो. म्हणून एक सेल काढला, ६ चे साडेचार व्होल्ट झाले, आणि हिशेबाने वेग आला ताशी २३. मुलांनी रुळाच्या कड्याची लांबी दोऱ्याने मोजली, घड्याळ लावले, आणि दहा फेऱ्यांचा वेळ घेतला. उत्तर हिशेबापेक्षा थोडे कमीच आले. का बरे कमी आले, यावर वर्गात अर्धा तास वाद झाला. कोणी म्हणाले डबे जड आहेत, कोणी म्हणाले वळणावर घासते, एक मुलगी म्हणाली सेल जुने आहेत. तिघांचेही म्हणणे तपासून पाहण्यासारखे आहे, आणि ते काम गुरुजींनी पुढच्या आठवड्याला लावले.

भंगारात मिळालेली दुसरी मोटार गुरुजींनी काडेपेटीत घालून कपाटात ठेवली आहे. वर एका मुलाने बॉलपेनने लिहिले आहे, "शकुंतलाची मोटार. तीन सेल. बोर्डात लावू नये."